एका वल्लीच्या चार साक्षी

चाकोरीबाहेरच्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तऱ्हेवाईक, विक्षिप्त, छांदिष्ट, अवलिया, वल्ली असे कितीतरी शब्द आपल्या नित्य वापरात आहेत, आणि प्रत्येकाचा तोल थोडा निराळा आहे. ‘विक्षिप्त’ म्हणताना आपण त्या माणसापासून दोन पावले मागे सरतो, ‘छांदिष्ट’ म्हणताना त्याला क्षमा करतो, ‘अवलिया’ म्हणताना हात जोडतो आणि ‘वल्ली’ म्हणताना त्याला आपल्या बैठकीत ओढून आणून बसवतो. पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून तर हा शेवटचा शब्द जणू एका वाङ्मयप्रकाराचेच नाव होऊन बसला आहे. मित्राची आठवण लिहावयास बसलेला लेखक प्रथम त्याच्या लकबी गोळा करतो, मग त्याच्या तोंडची दोनचार वाक्ये, मग एखादी फजिती, आणि शेवटच्या परिच्छेदात तो हळूच डोळे पुसतो. हा प्रकार लोकप्रिय आहे आणि त्याची लोकप्रियता अनाठायी नाही. परंतु ज्याची आठवण सांगावयाची तो कलावंत असेल, तर या प्रकारात एक धोका असतो. लकबी उरतात आणि कला नाहीशी होते. गवई कसा चिडे हे चार पिढ्यांना ठाऊक राहते; तो कसा गाई हे मात्र कोणी सांगत नाही.

हा धोका पारखून पाहण्यासाठी आम्ही येथे एक परके उदाहरण घेत आहोत. परके अशासाठी, की आपल्या माणसांविषयी लिहिताना भिडेचा आणि घराण्याच्या अभिमानाचा जो पडदा मध्ये येतो, तो येथे नाही. उदाहरण आहे न्यूयॉर्कमधील ग्रिनिच व्हिलेज या वस्तीत आयुष्य काढलेल्या डेव्ह व्हॅन राँक या लोकगायकाचे. त्याचा जन्म ३० जून १९३६ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला आणि १० फेब्रुवारी २००२ रोजी तो वारला. १९६० च्या आगेमागे अमेरिकेत लोकगीतांची जी मोठी लाट आली, तिच्या केंद्रस्थानी तो होता. लाटेने ज्यांना जगप्रसिद्ध केले त्यांत मात्र त्याची गणना झाली नाही. गेल्या वीसएक वर्षांत त्याच्याविषयी चार निकटच्या माणसांच्या साक्षी पुस्तकरूपाने उपलब्ध झाल्या. बॉब डिलनचे ‘क्रॉनिकल्स’ २००४ मध्ये आले. स्वतः व्हॅन राँकचे ‘द मेयर ऑफ मॅक्डूगल स्ट्रीट’ हे आत्मकथन, त्याचा शिष्य आणि मित्र एलायजा वॉल्ड याने सिद्ध केलेले, २००५ मध्ये निघाले. सूझी रोटोलोचे ‘अ फ्रीव्हीलिन टाइम’ २००८ मध्ये, आणि व्हॅन राँकची पहिली पत्नी टेरी थाल हिचे ‘माय ग्रिनिच व्हिलेज’ २०२३ मध्ये आले. एकाच माणसाच्या या चार साक्षी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे मित्राने मित्राला कसे आठवावे या प्रश्नाचा काही उलगडा होतो असे आम्हांस वाटते.

प्रथम स्थळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. मॅक्डूगल स्ट्रीट ही ग्रिनिच व्हिलेजमधील एक अरुंद रस्त्याची वस्ती. जवळच वॉशिंग्टन स्क्वेअर हा चौक. दर रविवारी दुपारी तेथील कारंज्याभोवती गिटार आणि बँजो घेऊन हौशी गाणारे जमत. १९६१ च्या वसंतात नगरपालिकेच्या उद्यानखात्याने या गाण्याचा परवाना नाकारला, तेव्हा ९ एप्रिल रोजी तेथे निदर्शने झाली आणि पोलिसांशी झटापट होऊन काहींना अटकही झाली. रस्त्यावर इझी यंग याचे ‘फोकलोअर सेंटर’ नावाचे दुकान १९५७ पासून होते. तेथे लोकगीतांची पुस्तके, तबकड्या आणि वाद्यांच्या तारा मिळत, आणि विकत काही न घेणाऱ्यांचीच तेथे गर्दी अधिक असे. तळघरातून आणि चिंचोळ्या खोल्यांतून कॉफीगृहे होती. पुष्कळ ठिकाणी गायकाला वेतन नसे. गाणे संपले की टोपली फिरवावयाची आणि तीत जे पडेल ते आपले. ‘गॅसलाइट’ हे त्यांतले नावाजलेले तळघर. वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंना टाळ्यांचा त्रास होई, म्हणून तेथे श्रोते टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवीत. लोकगायकांना या जागांत प्रथम प्रवेश मिळाला तो कवींच्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये खोली रिकामी करण्यासाठी, असे व्हॅन राँक विनोदाने सांगतो. लोक उठून जावेत म्हणून ज्याला गावयास लावले, त्याच्यासाठी लोक बसून राहू लागले, हा त्या काळाचा इतिहास त्या विनोदात सामावला आहे.

पहिली साक्ष डिलनची. जानेवारी १९६१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि व्हॅन राँकच्या तबकड्या त्याने आधीच ऐकलेल्या होत्या. ‘फोकलोअर सेंटर’मध्ये ध्वनिमुद्रिकांतला तो आवाज देह धारण करून आत आला, आणि डिलनने त्याला विचारले, की गॅसलाइटमध्ये गावयास मिळावे यासाठी काय करावे लागते. व्हॅन राँकने उलट विचारले, की झाडलोटीचे काम करतोस काय? डिलनने मान हलविली आणि तेथल्या तेथे गिटार घेऊन एक जुने गीत ऐकविले. त्या रात्री आपल्या कार्यक्रमात दोन गाणी म्हणण्याची मुभा त्याला मिळाली. हा प्रसंग डिलनने मोठ्या रंगतीने सांगितला आहे, आणि त्यातला व्हॅन राँक हा धिप्पाड, गुरगुरणारा, रस्त्याचा राजा असा उभा राहतो. वल्लीचे चित्र म्हणून ते उत्तम आहे. परंतु नीट पाहिले तर तो प्रसंग लहरीचा नाही. नवख्या माणसाला एका प्रश्नाने नामोहरम करावयाचे, आणि त्याने वाजवून दाखविले की त्याच संध्याकाळी त्याला आपल्या कार्यक्रमात जागा द्यावयाची. ही परीक्षा घेण्याची एक जुनी आणि चोख रीत आहे. आपल्याकडे कोणा उस्तादाच्या दारी गेलेल्या शिष्याला ती अनोळखी वाटणार नाही. डिलनच्या लेखनातील कौतुक खरे आहे, कृतज्ञताही खरी आहे. पण तो राजाचे वर्णन करतो, कारागिराचे करीत नाही.

कारागीर भेटतो तो दुसऱ्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या आत्मकथनात. व्हॅन राँकला लोकगायक व्हावयाचे नव्हते. त्याला जॅझ वाजवावयाचे होते, आणि तेही १९२० च्या दशकातले, जे तो तरुण होईपर्यंत मागे पडले होते. तो बँजो वाजवीत जुन्या धर्तीच्या जॅझच्या तांड्यांतून फिरला, काही काळ व्यापारी जहाजांवर खलाशी होता, आणि मग गिटार घेऊन एकट्याने गाऊ लागला. हार्लेमच्या रस्त्यांवर गाणारा आंधळा धर्मोपदेशक रेव्हरंड गॅरी डेव्हिस (१८९६–१९७२) याच्याकडून त्याने उजव्या हाताची बोटे कशी चालवावीत हे उचलले. हॅरी स्मिथने संपादिलेला ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह १९५२ मध्ये फोकवेज कंपनीने काढला होता. तो या सर्व मंडळींचा वेदग्रंथ होता. त्याच कंपनीने १९५९ मध्ये व्हॅन राँकची पहिली स्वतंत्र तबकडी काढली.

या सामग्रीतून त्याने काय घडविले हे पाहणे महत्त्वाचे आहे. त्याच्या भोवतालचे बहुतेक गायक गिटारवर दोन-तीन स्वरसमूह धरून ठेका देत आणि वर गीत म्हणत. व्हॅन राँकने गिटारला संपूर्ण वाद्यवृंद मानले. अंगठ्याने खर्जाची चाल, बोटांनी मधले आणि वरचे स्वर, आणि या सर्वांच्या वर कधी कुजबुजणारा तर कधी डरकाळी फोडणारा त्याचा खरखरीत आवाज. पियानोसाठी रचलेल्या रॅगटाइमच्या चिजा त्याने गिटारवर उतरविल्या. जेली रोल मॉर्टन या जॅझच्या आद्य रचनाकाराची ‘द पर्ल्स’ ही अवघड रचना त्याने १९७६ च्या ‘संडे स्ट्रीट’ या तबकडीत एका गिटारवर वाजविली आहे. हे काम लहरीने होत नाही. त्याला महिनोन्महिने एकेका मात्रेवर बसावे लागते. आत्मकथनात तो आपल्या चुकलेल्या प्रयोगांची, शिकलेल्या आणि टाकून दिलेल्या युक्त्यांची चर्चा कोणत्याही सुताराने लाकडाची करावी तशी करतो, आणि हाच आम्हांस या पुस्तकाचा सर्वश्रेष्ठ भाग वाटतो.

आता त्याच्या विक्षिप्तपणाकडे वळू. मित्रांच्या आठवणींत ज्या गोष्टी पुनःपुन्हा येतात त्या अशा. तो कित्येक वर्षे विमानात बसला नाही. मोटार चालवावयास तो कधी शिकला नाही. ग्रिनिच व्हिलेज सोडून दीर्घकाळ इतरत्र राहावयास त्याने साफ नकार दिला. तो कट्टर डावा होता, काही काळ त्रॉट्स्कीवादी. तरीही डाव्यांच्या गाण्यांचे विडंबन करणाऱ्या ‘द बॉसेस साँगबुक’ या १९५९ च्या चोपड्यात त्याचा हात होता. ‘लोकगायक’ या शब्दाची त्याला चीड होती आणि पोट त्याच शब्दावर भरत होते. २८ जून १९६९ च्या रात्री तो शेजारच्या एका खानावळीत जेवत असता ‘स्टोनवॉल’ या समलिंगी मंडळींच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड पडली; हा त्या अड्ड्याचा गिऱ्हाईक नव्हता, तरी गलका ऐकून बाहेर आला, गर्दीत मिसळला, आणि त्या रात्री पकडलेल्या मोजक्या लोकांत त्याची भर पडली.

या यादीत एक घोटाळा आहे, आणि आमच्या मते तोच या लेखाचा विषय आहे. यातल्या काही गोष्टी निव्वळ छंद आहेत, काही मात्र व्रत आहेत. आणि आठवणी सांगणारा मित्र दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. विमानात न बसणे हा छंद. त्याला तत्त्वज्ञान चिकटविण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याला मारहाण होत असता आपले जेवण टाकून उठणे हा छंद नव्हे. मजुरांच्या आणि खलाशांच्या संघटनांत वाढलेल्या राजकारणाचा तो सरळ निष्कर्ष आहे. आपल्याच पक्षाच्या गाण्यांचे विडंबन करणे हाही चक्रमपणा नव्हे. गाणे वाईट असेल तर त्यातला विचार चांगला असून ते सुधारत नाही, असा त्याचा ठाम सिद्धांत होता, आणि ज्या काळात निषेधाचे गीत लिहिले की मोठा कवी झाल्यासारखे वाटे, त्या काळात हा सिद्धांत पाळणे महाग पडत होते. एका टोपलीत टाकल्याने परिणाम असा होतो, की छंदाचा रंग व्रतालाही लागतो. माणूस गोड होतो, आणि त्याचे म्हणणे कोणी गंभीरपणे ऐकण्याची गरज उरत नाही. समाजाला ही सोय फार आवडते. ज्याच्या निष्ठेची किंमत आपणास द्यावयाची नसते, त्याला आपण वल्ली म्हणतो.

या दृष्टीने ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या गीताचे प्रकरण तपासून पाहण्याजोगे आहे. गीत जुने आणि निनावी. १९३७ साली केंटकी राज्यातील मिडल्सबरो येथे अॅलन लोमॅक्स या संग्राहकाने ते जॉर्जिया टर्नर नावाच्या एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ध्वनिमुद्रित केले. टेक्ससची गायिका हॅली वूड हिच्या गाण्यातून ते व्हॅन राँकपर्यंत आले. त्याने चाल ठेवली, पण खालचे स्वरसमूह बदलले, आणि खर्जाची ओळ अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत जाईल अशी मांडणी केली. जॅझ वाजविणाऱ्यांना ही उतरण नित्याची; लोकगायकांत ती नवी होती. तिच्यामुळे गीतातली ती स्त्री एकेक पायरी उतरून खाली चालली आहे असा भास होतो, आणि मूळच्या डोंगरी चालीला एक अटळपणा येतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये डिलन आपली पहिली तबकडी मुद्रित करीत होता. एके दिवशी त्याने व्हॅन राँकला विचारले, की तुझी ती मांडणी मी घेतली तर चालेल काय? व्हॅन राँक म्हणाला, की थांब, मीच ती लवकर मुद्रित करणार आहे. तेव्हा उघड झाले, की मुद्रण आधीच उरकले होते. मार्च १९६२ मध्ये ती तबकडी निघाली. लोक व्हॅन राँकला ‘डिलनचे ते गाणे म्हण’ असा आग्रह करू लागले आणि त्याला ते गाणे सोडावे लागले. १९६४ मध्ये ‘द अॅनिमल्स’ या इंग्रजी तरुणांच्या मेळ्याने तेच गीत विजेच्या गिटारवर वाजवून जगभर गाजविले, तेव्हा लोक डिलनला ‘अॅनिमल्सचे गाणे’ म्हणू लागले आणि त्यालाही ते सोडणे भाग पडले. ही दुसरी गोष्ट सांगताना व्हॅन राँकच्या मिशीत हसू फुटलेले वाचकाला दिसते.

हा किस्सा जगभर सांगितला जातो, आणि बहुतेक वेळा तो हसण्यावारी जातो. पण त्याच्या पोटात कलावंताच्या मालकीचा खरा प्रश्न आहे. गीत निनावी होते, त्यामुळे त्यावर कोणाचा हक्क नव्हता. मांडणी मात्र एका माणसाने घडविली होती. आपल्या संगीतात या भेदाची जाणीव पुरातन आहे. ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’ अशी मुद्रा येते आणि रचनाकाराचे नाव तीनशे वर्षे जिवंत राहते; परंतु ती बंदिश मांडावयाची कशी, कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोठून समेवर यावयाचे, या रीतीला मुद्रा नसते. ती घराण्याच्या नावाने ओळखली जाते, वा ओळखलीच जात नाही. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) ही रीत हाच घराण्याचा गाभा मानून तिची चिकित्सा केली, म्हणून तो ग्रंथ महत्त्वाचा. आपले जुने उस्ताद चीज शिकवताना अंतरा गाळीत, असे सांगतात, आणि आपण त्यांना कोते म्हणून हसतो. व्हॅन राँक तसा कोता नव्हता. त्याने आपली मांडणी विचारील त्याला शिकविली, आणि हिरावली गेली तेव्हा रागावला. हे दोन्ही एकाच माणसाने करण्यात विसंगती नाही. जो देतो त्यालाच न विचारता घेतल्याचे दुःख कळते. राग त्याने लपविला नाही. मैत्रीही तोडली नाही. ९ मे १९७४ रोजी चिलीच्या पदच्युत राष्ट्राध्यक्षांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कमध्ये झालेल्या मोठ्या कार्यक्रमात दोघेही एका व्यासपीठावर गायले.

तिसरी आणि चौथी साक्ष दोन स्त्रियांची आहे, आणि पहिल्या दोहोंत जे दिसत नाही ते त्यांत दिसते. सूझी रोटोलो ही डिलनची त्या काळची प्रेयसी. १९६३ च्या त्याच्या तबकडीच्या वेष्टणावर बर्फातून त्याच्या दंडाला बिलगून चालणारी ती मुलगी. टेरी थाल ही व्हॅन राँकची पत्नी आणि त्याच्या कार्यक्रमांची व्यवस्थापक; डिलनचेही व्यवस्थापन काही काळ तिनेच पाहिले. सप्टेंबर १९६१ मध्ये गॅसलाइटमध्ये तिने डिलनचे गाणे फितीवर मुद्रित करून घेतले आणि ती फीत घेऊन ती गावोगावच्या कॉफीगृहांच्या चालकांकडे गेली. तेव्हा त्याला काम देण्यास फारसे कोणी तयार नव्हते. पुरुषांच्या आठवणींत व्हॅन राँकच्या घरचा तो प्रसिद्ध कोच असतो, ज्यावर डिलन आणि इतर कितीजण झोपले. रात्रभर चाललेले वाद असतात. कार्यक्रम कोणी ठरविले, पैसे कोणी वसूल केले, याची नोंद त्यांत ओझरती येते. वल्लीच्या मागे बहुधा एक हिशेबाची वही असते आणि ती बहुधा दुसऱ्याच्या हाती असते. थालच्या पुस्तकाचे मोल आम्हांस यात वाटते. ते उशिरा आले, पण त्याने त्या काळाच्या चित्रातली एक रिकामी जागा भरली.

मित्राऐवजी परक्याने हे चित्र काढले म्हणजे काय होते, याचाही पुरावा उपलब्ध आहे. २०१३ मध्ये कोएन बंधूंनी ‘इनसाइड ल्यूइन डेव्हिस’ हा चित्रपट काढला. त्यात व्हॅन राँकच्या आत्मकथनातील काही प्रसंग घेतले आहेत. खलाशाचे जीवन आहे, शिकागोच्या ‘गेट ऑफ हॉर्न’ या रंगस्थळी जाऊन अपयशी परतण्याची हकीकत आहे, एवढेच नव्हे तर नायकाच्या तबकडीचे नाव आणि वेष्टणही व्हॅन राँकच्या ‘इनसाइड डेव्ह व्हॅन राँक’वरून बेतले आहे. चित्रपट कलादृष्ट्या वरच्या दर्जाचा आहे आणि नायक हा व्हॅन राँक असल्याचा दावा त्याच्या कर्त्यांनी केलेला नाही. तरीही त्याच्या मित्रमंडळींना तो लागला. टेरी थालने त्याच वर्षी लेख लिहून आपले आक्षेप मांडले. आमच्या मते मर्म एका तपशिलात आहे. चित्रपटाचा नायक रोज दुसऱ्याच्या कोचावर झोपतो. खऱ्या माणसाच्या कोचावर दुसरे झोपत असत. प्रसंग सगळे खरे घेऊनही माणूस खोटा होऊ शकतो, तो असा. एकाकी, तुसडा, दुर्दैवी कलावंत ही आधुनिक कथेची आवडती मूर्ती आहे. भरल्या घरचा, स्वयंपाकात रमणारा, दिवसाचे दिवस पुस्तके वाचणारा, शिष्यांना तासन्‌तास गिटार शिकविणारा कलावंत तिच्या साच्यात बसत नाही.

व्हॅन राँकच्या आत्मकथनाची स्तुती करताना त्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तो वारला तेव्हा पुस्तक अपुरे होते. वॉल्डने त्याची टिपणे, मुलाखती आणि बोलणी एकत्र सांधून त्याला एकसंध रूप दिले. सांधा इतका बेमालूम आहे, की बोलणारा कोठे थांबतो आणि जोडणारा कोठे सुरू होतो, हे कळत नाही. वाचनसुखाच्या दृष्टीने हा गुण आहे. साक्षीच्या दृष्टीने मात्र तो दोष आहे. दुसरे असे, की पुस्तकाचा भर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच आहे. पुढची तीस-पस्तीस वर्षे, लाट ओसरल्यानंतर गिटारच्या शिकवण्या करून आणि लहान सभागृहांत गाऊन काढलेली, ती जवळजवळ वाचावयास मिळत नाहीत. आम्हांस तर तीच जास्त हवी होती. लाटेवर असताना कोणीही पोहतो. लाट गेल्यावर, ऑक्टोबर २००१ मध्ये, कर्करोगाने ग्रासलेल्या अवस्थेत मेरिलंड राज्यात त्याने जो शेवटचा कार्यक्रम केला तो मुद्रित झाला आहे आणि २००४ मध्ये प्रकाशितही झाला. तो ऐकताना आवाज थकलेला जाणवतो. उजव्या हाताचा अंगठा मात्र आपला ठेका सोडत नाही. पुस्तकाने जे सांगितले नाही ते त्या अंगठ्याने सांगितले आहे. त्याच वर्षी त्याच्या घराजवळच्या एका रस्त्याच्या तुकड्याला त्याचे नाव देण्यात आले.

आत्मकथनात एक गोष्ट येते ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. ‘रायझिंग सन’ म्हणजे न्यू ऑर्लीन्समधील कुंटणखाना, असेच सर्वांनी आणि त्यानेही धरले होते. पुढे कितीतरी वर्षांनी त्या शहराची जुनी छायाचित्रे पाहताना त्याला एका दगडी दारावर कोरलेला उगवता सूर्य दिसला. चौकशी केली तेव्हा ते स्त्रियांच्या तुरुंगाचे दार असल्याचे कळले. जे गाणे त्याच्या हातून केव्हाच गेले होते, ज्याने दुसऱ्यांना कीर्ती आणि द्रव्य दिले, त्या गाण्याचा अर्थ तो म्हातारपणीही शोधीत होता. विमानात न बसणाऱ्या माणसाचे किस्से आम्ही विसरू. ही गोष्ट विसरणे कठीण आहे.

या सर्वाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि नव्या गावच्या महाराष्ट्र मंडळात पुन्हा नव्याने ओळखी कराव्या लागतात. ज्याने पन्नास वर्षे चार रस्त्यांचा मुलूख सोडला नाही अशा माणसाविषयी वाचताना त्यांना हेवा वाटावा, हे साहजिक आहे. पण प्रत्येक मंडळात असा एक माणूस असतोच. बदल्या इतरांच्या होतात, तो तेथेच राहतो. गणेशोत्सवात पेटी तोच धरतो, नव्या मुलांना ठेका तोच शिकवतो, जुनी नाट्यपदे मूळ चालीसह त्याच्यापाशीच असतात. तो चिडखोर असतो, पानतंबाखूचा शौकीन असतो, वेळेवर कधी येत नाही. तो गेल्यावर जी शोकसभा भरते तीत वक्ते एकामागून एक उठतात आणि तंबाखूची, रागाची, उशिराची गोष्ट सांगतात. सभा हसते, मग हळवी होते आणि चहाला उठते. त्याच्या पेटीतून कोणती चाल कशी निघे, कोणत्या पदाची अस्सल चाल त्याच्याबरोबर गेली, हे सांगणारा सभेत बहुधा कोणी नसतो.

व्हॅन राँकच्या चार साक्षी वाचून आम्ही एवढेच म्हणू, की मित्राची आठवण हे मित्राच्या स्वभावाचे ऋण फेडण्याचे साधन आहे, पण त्याच्या कामाचे ऋण त्याने फिटत नाही. ते फेडावयाचे असेल तर त्याचे काम समजून घेतले पाहिजे, आणि तो जिवंत असतानाच घेतले पाहिजे. वॉल्ड आपल्या गुरूविषयी लिहू शकला, कारण त्याने त्याच्यासमोर बसून गिटार शिकून घेतली होती. किस्से ऐकणारे अनेक होते; बोटे पाहणारे थोडे होते, आणि जे आज खरे उरले आहे ते त्या थोड्यांमुळे.